विश्वस्त नावाचा माणूस

नाशिक शहराबाहेर, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे. पायऱ्या चढून आपण पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यापाशी आलो, की ओसरीच्या भिंतीवर कोरलेल्या ब्राह्मी ओळी दिसतात. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याच्या दानाची ही नोंद आहे. वर्ष ४२, महिना वैशाख. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. उषवदाताने लेणे संघाला दिले आणि त्यासोबत ३००० कार्षापणही दिले. हे पैसे त्याने भिक्षूंच्या हाती ठेवले नाहीत. गोवर्धन नावाच्या वस्तीतल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसऱ्या श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. अशा ठेवीला लेखात ‘अक्षयनीवी’ म्हटले आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चिवरासाठी मिळायचे. आपण जरा हिशोब मांडून पाहू. २०००वर महिन्याला २०, म्हणजे वर्षाला २४०, आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ दिले तर तेही २४०च. एक नाणेही इकडचे तिकडे होत नाही. शेवटी सांगितले आहे, की हे सारे रिवाजाप्रमाणे निगमसभेत ऐकवले आणि दफ्तरी नोंदवले.

भिंतीसमोर उभे राहून मी हा हिशोब पुन्हा पुन्हा केला आहे, कारण आज ज्याला आपण ट्रस्ट म्हणतो त्यातली सगळी माणसे इथे हजर आहेत. देणारा उषवदात. सांभाळणारी विणकरांची श्रेणी. उपभोगणारे भिक्षू. साक्षीला नगराची सभा, नोंदीला दफ्तर. पैसा श्रेणीच्या ताब्यात आहे, तरी तो श्रेणीचा नाही. भिक्षूंसाठी आहे, तरी मुद्दलाला त्यांना हात लावता येत नाही. उषवदाताचा होता, पण आता त्याचाही राहिलेला नाही. एकच गोष्ट भिंतीवर सापडत नाही. श्रेणीने उद्या व्याज दिलेच नाही, तर तिला जाब कोण विचारणार? पुढच्या जवळजवळ दोन हजार वर्षांचा प्रवास मला याच प्रश्नाच्या उत्तराचा शोध वाटतो.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी दानाचा विचार फार बारकाईने केला. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात तो विस्ताराने मांडला आहे. यज्ञयागाचे ते इष्ट. विहीर, तळे, देऊळ, अन्नछत्र, बाग हे पूर्त. दान पुरे व्हायला घेणारा लागतो, त्याने स्वीकार करावा लागतो. पण तळे कोण स्वीकारणार? तहानलेला प्रत्येक जीव त्याचा धनी. म्हणून अशा दानाला शास्त्राने उत्सर्ग म्हटले. संकल्प सोडायचा, आपले स्वामित्व सोडायचे आणि वस्तू सर्वांसाठी मोकळी करायची. मग ज्याने तळे बांधले तोही इतरांसारखाच एक पाणी पिणारा. मला ही कल्पना अतिशय उदात्त वाटते. पण व्यवहारात तिच्यात एक पोकळी राहते: तळ्याचा गाळ काढायचा कोणी, आणि देवळाच्या शेताचे धान्य कोणी घरी नेले तर त्याला अडवायचे कोणी? शास्त्राचे उत्तर होते राजा. राजा बदलला, की दानपत्र जपणारा हातही बदलायचा. म्हणून दानपत्रांच्या आणि शिलालेखांच्या अखेरीस शापवचने येऊ लागली. शिलाहार-यादवांच्या काळात तर कोकणात आणि देशावर गधेगाळीचे दगड उभे राहिले. वरच्या भागात चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत दान चालावे, मधे लेख, आणि खाली गाढव व स्त्रीचे अभद्र शिल्प. हे दान जो मोडील त्याच्या आईला ही गत, असा त्याचा अर्थ. आज ते शिल्प पाहताना आपण नजर वळवतो, आणि पुरुषाच्या गुन्ह्याची शिक्षा त्याच्या आईच्या माथी मारलेली पाहून मन विटते. तरी हा दगड कोणत्या गरजेतून उभा राहिला ते समजून घ्यायला हवे. दाता मेल्यावर आणि राजा बदलल्यावर राखणाऱ्याला धाक घालायला शब्दांखेरीज काहीच उरत नव्हते.

हाच पेच दूर रोममध्ये वेगळ्या रूपाने पडला होता. परक्याला, म्हणजे रोमचे नागरिकत्व नसलेल्याला, मृत्युपत्राने मालमत्ता देता येत नसे. मग मरणारा माणूस एखाद्या नागरिक मित्राला वारस नेमायचा आणि विनवायचा, की हे पुढे अमक्याला दे. लॅटिन भाषेत या विनवणीचे नावच ‘फिडेइकॉमिसुम’, म्हणजे विश्वासावर सोपवलेले. मित्राने शब्द पाळला तर ठीक, नाही पाळला तर कायदा त्याच्याच बाजूने. सम्राट जस्टिनियनच्या कायदेग्रंथात या वळणाची हकीकत आहे. लुसियस लेंटुलस नावाचा रोमन आफ्रिकेत वारला. त्याने आपली इच्छा पाळण्याची विनवणी खुद्द सम्राट ऑगस्टसला केली होती. ऑगस्टसने ती पाळली, आणि मग इतरांना ती टाळणे अवघड झाले. पुढे ऑगस्टसनेच कॉन्सल अधिकाऱ्यांना अशा प्रकरणांत लक्ष घालायला सांगितले, आणि क्लॉडियसच्या काळात त्यासाठी वेगळे न्यायाधिकारी नेमले गेले. तिकडे अरबस्तानात, याच गरजेतून, वक्फची घडण झाली. परंपरा सांगते, की खैबरची जमीन मिळाल्यावर प्रेषितांचे सहकारी उमर यांनी ती विकायची नाही, दान द्यायची नाही, वारसाहक्काने वाटायची नाही अशा अटीवर गोरगरिबांसाठी बांधून टाकली. देणारा वाकिफ, सांभाळणारा मुतवल्ली, मालकी ईश्वराची. जमीन सांभाळणाऱ्याने तिच्यातून रीतीपुरते खायला हरकत नाही, अशी सवलतही त्या परंपरेत आहे. विश्वस्ताने कामाचा मोबदला घ्यावा की नाही, या आजच्या वादाची मुळे इतकी मागे जातात. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या १२६४च्या नियमांत वक्फशी जुळणारी घडण आहे, असे दाखवून इंग्लंडने ही कल्पना पूर्वेकडून उचलली असावी असे काही अभ्यासकांनी मांडले आहे.

आता आपण इंग्लंडला येऊ, कारण ‘ट्रस्ट’ हा शब्द आपल्याकडे आला तो तिथून. १२२४मध्ये फ्रान्सिस्कन साधू इंग्लंडमध्ये उतरले. अपरिग्रहाचे त्यांचे व्रत इतके कडक, की राहत्या घराचीही मालकी नको. मग नगरवासीयांनी घरे आपल्या किंवा नगराच्या नावावर ठेवली आणि साधूंना वापरायला दिली. या वापराला ‘यूज’ म्हणत. धर्मयुद्धावर निघालेले सरदारही जमीन मित्राच्या नावे करून जात: मी परत येईपर्यंत बायकामुलांसाठी सांभाळ. मित्र उलटला तर राजाची न्यायालये हात वर करीत. जमीन ज्याच्या नावावर, तोच मालक, एवढेच त्यांना दिसे. म्हणून फसवली गेलेली माणसे राजाच्या चॅन्सलरकडे अर्ज घेऊन जाऊ लागली. चॅन्सलर बहुधा धर्मगुरू असे. तो कागद पाहून थांबत नसे, समोरच्या माणसाच्या सदसद्विवेकाला हात घाली. जमीन तुझ्या नावावर आहे हे खरे, पण तुझे मन तुला काय सांगते? शब्द दिला होतास ना? मग पाळ, नाहीतर तुरुंगात जा. पंधराव्या शतकापर्यंत हे नेहमीचे झाले. गधेगाळीच्या दगडाने शापाने जे साधू पाहिले, ते इंग्लंडच्या चॅन्सलरने शब्दाचा धाक आणि तुरुंगाची किल्ली यांच्या जोरावर साधले, असे मला वाटते. एकाच जमिनीला दोन धनी मानण्याची इंग्रजी कायद्याची रीत इथेच जन्मली. कागदावरचा धनी एक, हिताचा धनी दुसरा.

राजाला हे परवडणारे नव्हते. मालक मेल्यावर वारसाकडून मिळणारी देणी या युक्तीने बुडत होती. १५३६मध्ये आठव्या हेन्रीने कायदाच केला, की ज्याच्यासाठी जमीन ठेवली तोच कागदावरचाही मालक समजावा. वकिलांनी मग एका यूजवर दुसरा यूज चढवला, आणि सतराव्या शतकात चॅन्सरीने, म्हणजे चॅन्सलरच्या न्यायालयाने, तो दुसरा मान्य केला. त्यालाच पुढे ‘ट्रस्ट’ हे नाव चिकटले. १६०१मध्ये पहिल्या एलिझाबेथच्या काळी धर्मादाय दानांचा गैरवापर तपासण्याचा कायदा आला. त्याच्या प्रस्तावनेतली यादी, म्हणजे वृद्ध, आजारी, शाळा, पूल, बंदरे, अनाथ मुले, ही पुढची तीनशे वर्षे आणि नंतरही इंग्रज न्यायाधीश ‘धर्मादाय’ शब्दाचा अर्थ लावताना उघडून बसत.

पण विश्वस्ताच्या भूमिकेला आजचा आकार आला तो १७२६च्या एका छोट्या खटल्यात. लंडनजवळच्या रोमफर्डच्या बाजाराच्या उत्पन्नाचा एक पट्टा होता. पट्टेदार वारला. त्याने तो पट्टा आपल्या अज्ञान वारसासाठी एका विश्वस्ताकडे ठेवला होता. मुदत संपत आली तेव्हा विश्वस्ताने मुलाच्या नावे नूतनीकरण मागितले. जमीनमालक म्हणाला, नाही, पोराच्या नावावर मी पट्टा देणार नाही. तेव्हा विश्वस्ताने तो स्वतःच्या नावावर घेतला. यात लबाडी कुठे होती? मुलाला पट्टा मिळणारच नव्हता. विश्वस्ताने कुणाचे काही हिरावले नव्हते. तरी लॉर्ड चॅन्सलर किंग यांनी निकाल दिला, की पट्टाही मुलाचा आणि त्यावरचा नफाही मुलाचा. साऱ्या जगात तो पट्टा घ्यायला मोकळीक नसलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे विश्वस्त. त्याने पट्टा संपू द्यायला हवा होता, पण स्वतः घ्यायला नको होता. मी अनेकांना हा निकाल सांगून पाहिला आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो फार कठोर वाटतो. न्यायाधीशाच्या मनातली भीती अशी होती: आज प्रामाणिक विश्वस्ताला मुभा दिली, तर उद्याचा अप्रामाणिक विश्वस्त जमीनमालकाशी आतून संधान बांधून ‘पोराला मिळतच नव्हते’ असेच सांगेल. लाभार्थी लहान असतो, अडाणी असतो, कधी जन्मायचाच असतो. त्याला आतल्या गोष्टी कळण्याची वाट नसते. म्हणून विश्वस्ताला मोहाजवळच फिरकू द्यायचे नाही.

हा कायदा मुंबईत उतरला तो कंपनीच्या आणि नंतर राणीच्या न्यायालयांबरोबर. इथे त्याची गाठ पंचायतींशी, जमातींशी, देवस्थानांशी पडली, आणि लवकरच लोकांच्या ध्यानात आले, की ‘हे कुणाचे?’ हा प्रश्न मुळात ‘आपण कोण?’ असा आहे. १८६६मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सर जोसेफ अर्नोल्ड यांच्यापुढे खोजा जमातीच्या मालमत्तेचा खटला चालला. जमातखाना आणि जमातीचा पैसा कुणाच्या हितासाठी, हे ठरवायला न्यायाधीशाला पीर सदरुद्दीनपासूनचा धर्मेतिहास तपासावा लागला. खोजे मूळचे शिया इमामी इस्माइली, आणि आगाखान त्यांचे इमाम, असा निकाल लागला. विश्वस्तांच्या भांडणातून अशी एका जमातीची ओळखच न्यायालयात लिहिली गेली.

त्यानंतर चारच वर्षांनी पुण्यात जे घडले ते आपल्या इतिहासात राजकीय घटना म्हणून शिकवले जाते. मला मात्र ते लाभार्थींच्या इतिहासातले पान वाटते. नानासाहेब पेशव्यांनी १७४९मध्ये पर्वतीवर देवदेवेश्वराचे देऊळ उभारले. पेशवाई गेल्यावर देवस्थानचा कारभार पंचांकडे आला, आणि त्या कारभाराविषयी पुण्यात नाराजी साचत गेली. पंचांना विचारायचे, तर विचारणारे तुम्ही कोण, हा प्रश्न आधी यायचा. २ एप्रिल १८७० रोजी गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. या जोशींनाच पुढे सगळे सार्वजनिक काका म्हणू लागले. सभासद व्हायचे तर निदान ५० माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. पहिल्या ९५ सभासदांच्या पाठीशी सुमारे ६००० लोकांच्या सह्या होत्या. देवाच्या पैशाचा हिशोब मागायला निघालेल्या माणसांनी आधी स्वतःचा अधिकार कागदावर सिद्ध केला, आणि त्याच कागदाच्या बळावर पुढे सरकारकडेही हिशोब मागितला. दुष्काळापासून स्वदेशीपर्यंत सभेने जे केले त्याचे बी पर्वतीच्या पायऱ्यांवर पडले होते, हे पुणेकरही आता विसरून गेले आहेत.

१८८२मध्ये भारतीय न्यास अधिनियम आला; न्यास म्हणजे ट्रस्ट. त्याचा मसुदा व्हिटली स्टोक्स या आयरिश विद्वानाच्या हातचा. त्या काळच्या कायद्यांच्या रीतीप्रमाणे कलमांखाली छोटी छोटी उदाहरणे दिलेली आहेत: अ हा ब साठी शेत सांभाळतो, वगैरे. आजही विद्यार्थी तीच पाठ करतात. या कायद्याने तिन्ही भूमिकांना व्याख्या दिल्या. विश्वास टाकणारा तो न्यासाचा कर्ता, विश्वास स्वीकारणारा तो विश्वस्त, ज्याच्या हितासाठी विश्वास स्वीकारला तो हिताधिकारी. आपला ‘विश्वस्त’ शब्दही किती नेमका आहे! विश्वास ठेवणारा नव्हे, ज्याच्यावर विश्वास टाकला गेला तो. त्याचे मोठेपण त्याने कमावलेले नसते, दुसऱ्याने टाकलेल्या विश्वासातून ते त्याच्याकडे आलेले असते. पण पहिल्याच कलमात या कायद्याने वक्फ, एकत्र कुटुंबातले परस्परसंबंध आणि सार्वजनिक वा खासगी धार्मिक-धर्मादाय दाने बाजूला ठेवली. खासगी न्यासांसाठी बेतलेली ही शब्दावली पुढे देवळे, शाळा, धर्मशाळा, सगळ्यांना लागू झाल्यासारखी बोलीत रुळली, आणि त्यातून पुष्कळ गोंधळ झाले.

त्यातला सर्वांत चटका लावणारा प्रसंग १८९९चा. मुंबई इलाख्यातल्या एका हिंदूने मृत्युपत्रात उरलेली मालमत्ता ‘धर्मा’साठी ठेवली होती. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयापुढे गेले. इंग्रज न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे १८०४चा डरहॅमच्या बिशपचा खटला होता. एका बाईने परोपकाराच्या आणि औदार्याच्या कामांसाठी बिशपकडे ठेवलेली रक्कम, हेतू संदिग्ध म्हणून तेव्हा रद्द झाली होती. ज्या न्यासाचा जाब मागायला कुणी नेमका माणूस नाही, तो न्यास कोर्ट चालवू शकत नाही, हे तत्त्व तिथे पक्के झाले. तीच फूटपट्टी आता ‘धर्म’ या शब्दाला लागली. विल्सनच्या कोशातले अर्थ पाहिले गेले: कायदा, सद्गुण, कर्तव्य. एवढा पसरट शब्द न्यायालय राबवू शकत नाही, म्हणून दान रद्द. ज्या देशात मरणारा माणूस ‘धर्म करा’ एवढेच म्हणतो आणि घरच्यांना त्याचा अर्थ पाणपोई की अन्नदान हे विचारावे लागत नाही, तिथे त्या शब्दाला अनिश्चित ठरवले गेले. तर्काच्या अंगाने निकाल चुकीचा म्हणता येत नाही. लाभार्थी ठाऊक नसेल तर विश्वस्ताला धरणार कोण, हा त्याचा मुद्दा खराच होता. पण मला तो निकाल वाचताना दर वेळी वाटते, की त्या दिवशी एक भाषाच न्यायालयात हरली. मुसलमानांच्या कौटुंबिक वक्फच्या बाबतीतही १८९४मध्ये असेच घडले होते. तो निकाल पुसायला १९१३चा वक्फ वैधीकरण कायदा लागला, आणि कौन्सिलात तो पुढे रेटणारे मुंबईचे बॅरिस्टर होते महंमद अली जिना.

लाभार्थी कोण, हा प्रश्न मुंबईत पुन्हा आला तो १९०८मध्ये, तेव्हा दिनशा पेटिट विरुद्ध जमशेटजी जीजीभॉय हा खटला न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांच्यापुढे चालला. पारशी पंचायतीचे विश्वस्त रीतसर नेमले गेले होते का, आणि धर्मांतर करून झरतुष्ट्री झालेल्या परक्याला अग्यारी व दख्म्याच्या न्यासांचा लाभ मिळावा का, असे दोन प्रश्न होते. मागे होती रतनजी दादाभॉय टाटा यांच्या फ्रेंच पत्नीच्या नवजोतीची, म्हणजे धर्मप्रवेशाच्या विधीची चर्चा. विश्वस्तांच्या नेमणुका सदोष ठरल्या, आणि लाभार्थी म्हणजे जन्माने पारशी, इराणी झरतुष्ट्री आणि पारशी पित्याची रीतसर धर्मात घेतलेली मुले, असे ठरले. दुसऱ्या बाजूला, देवळे-मठांच्या बाबतीत इंग्रजी साचा किती तोकडा आहे हेही उघड होत होते. १९२१मध्ये प्रिव्ही कौन्सिलातले न्यायाधीश सय्यद अमीर अली यांनी स्पष्ट केले, की महंत, शेबाईत (देवाची सेवा आणि मालमत्ता पाहणारा), मुतवल्ली हे इंग्रजी अर्थाने विश्वस्त नव्हेत. मालमत्ता त्यांच्या नावावर होत नाही. ते व्यवस्थापक आहेत, पण जबाबदारी मात्र विश्वस्ताचीच. आणि १९२५मध्ये कोलकात्याच्या मल्लिक कुटुंबातल्या ठाकुरजींच्या खटल्यात मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे, तिचे हित स्वतंत्र आहे आणि ते मांडायला निःपक्ष माणूस हवा, असे ठरले. देवघरातला देव शेबाईताच्या मर्जीने हलवायची वस्तू नाही, असा त्याचा अर्थ. या काळात दाता आणि विश्वस्त यांच्या तुलनेत मुका राहिलेला लाभार्थीही बोलू लागला. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या कलम ९२ने, हितसंबंध असलेल्या दोन माणसांना संमती घेऊन सार्वजनिक न्यासाबद्दल दावा लावायची वाट दिली, आणि न्यायालयाने ठरवलेली ‘योजना’ हा शब्द आपल्या देवस्थानांच्या बोलीत आला. साईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ला देह ठेवल्यावर शिर्डी संस्थानची घडी बसली तीही १९२२मध्ये अहमदनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या योजनेने. गोव्यात देवस्थानाशी हितसंबंध असलेली माणसे ‘महाजन’ म्हणून वेगळ्या वाटेने आली. पोर्तुगीज सरकारने १९३३मध्ये त्यांच्या देवस्थानांना नियमावली घालून दिली.

याच सुमारास हा शब्द कोर्टाबाहेर पडला. लंडनमध्ये कायदा शिकताना वाचलेले स्नेलचे समन्यायावरचे पुस्तक गांधीजींना दक्षिण आफ्रिकेत गीता वाचताना आठवले, आणि ‘ट्रस्टी’ शब्दाचा अर्थ गीतेतल्या अपरिग्रहाच्या उजेडात अधिक उलगडला, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. कोट्यवधी हाताळूनही त्यातला कणही आपला न मानणारा. फ्रान्सिस्कन साधूंच्या व्रतातून निघालेली कल्पना सातशे वर्षांनी पुन्हा अपरिग्रहाकडे परत आली, आणि हे वळण मला फार सुंदर वाटते.

मुंबई इलाख्याने १९३५मध्ये न्यासांच्या नोंदणीचा कायदा केला होता. १९५०चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम त्याच्या कितीतरी पुढे गेला. २०१२पासून त्याच्या नावातले ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले आहे. देऊळ, मठ, शाळा, दवाखाना, संस्था, सगळ्यांची एक नोंदवही, आणि तिच्यावर धर्मादाय आयुक्त. विश्वस्ताच्या व्याख्येत व्यवस्थापकही घातला गेला, म्हणजे १९२१चा तो भेद व्यवहारापुरता मिटला. आणि कलम १०च्या स्पष्टीकरणात विधिमंडळाने लिहिले, की धर्म, धर्मादा, पुण्यकार्य, पुण्यदान यांसाठी केलेला सार्वजनिक न्यास केवळ हेतू निश्चित नाही म्हणून रद्द समजू नये. १८९९ला लंडनमध्ये पडलेला शब्द अर्ध्या शतकाने मुंबईत उचलून पुन्हा जागेवर ठेवला गेला. तो शब्द राबवता आला, कारण आता जाब विचारायला एक आयुक्त उभा होता. या सत्तेला मर्यादा घातली ती सर्वोच्च न्यायालयाने. १९५४मध्ये एका जैन देवळाचे वहिवाटदार आणि पारशी पंचायतीचे विश्वस्त यांच्या अपिलांवर न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी कायदा बहुतांशी उचलून धरला, पण धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद घटनाबाह्य ठरवली. देखरेख करणारा वेगळा, राखणारा वेगळा. दोघे एक झाले, की दोघांनाही विचारणारा कोणी उरत नाही.

आजचे चित्र आपण एका खेड्यातल्या मारुतीच्या देवळात पाहू. मागे एकदा तिथल्या सभेला मी बसलो होतो. सतरंजीवर इतिवृत्ताची वही, नोंदवहीच्या पानाचा उतारा, म्हणजे ज्याला सगळे ‘शेड्यूल वन’ म्हणतात तो, आणि दानपेटीची किल्ली. उताऱ्यावर सात विश्वस्तांची नावे होती. त्यातले तिघे कधीच निवर्तले होते. बदल अर्ज कोणी केलाच नव्हता. कायद्याने तो ९० दिवसांत करायचा असतो, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हते. त्या तिघांतल्या एकाच्या मुलाने किल्ली समोर ठेवली आणि विचारले, “बाबांच्या जागी आता मी ना?” वहीवर हात ठेवून बसलेले गुरुजी म्हणाले, “घटनेत वारसाचं लिहिलेलं नाही, बाळा. सभा ठरवेल, मग तुझं नाव जाईल.” मुलाने किल्ली तिथेच सोडली. शेत वारसाने येते, विश्वास वारसाने येत नाही. न्यासपत्रात तसे लिहिले असेल तरच. तिथेच देवाच्या जमिनीचा विषय निघाला. न्यासाची स्थावर मिळकत आयुक्तांच्या परवानगीवाचून विकता येत नाही, हे कलम ३६ अनेकांना तोंडपाठ असते, कारण गावातल्या सगळ्यात जुन्या भांडणांचे मूळ बहुधा तिथे असते. सात-बाराच्या मालकाच्या रकान्यात देवाचेच नाव असावे, पुजाऱ्याचे नव्हे, हा विचार २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या पुजाऱ्यांच्या प्रकरणात पक्का केला. पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणी देवळातल्या बडवे-उत्पात या सेवाधाऱ्यांचे वंशपरंपरेचे हक्क संपवणारा कायदा १९७३चा, आणि त्यावरचा शेवटचा न्यायालयीन शब्द जानेवारी २०१४चा. राखणदाराने स्वतःला मालक समजू नये एवढे ठरायला चाळीस वर्षे लागली.

दात्याची बाजू त्यामानाने थोडक्यात सांगता येते. न्यासपत्रावर सही होईपर्यंत सारे त्याचे. त्यानंतर त्याचा आवाज कागदावर जेवढा उरला तेवढाच. देणगीदार पुढे सभेत येऊन ‘माझ्या पैशाने’ असे म्हणतो तेव्हा त्याला उषवदाताची आठवण करून द्यावीशी वाटते. मुद्दल परत मागायचे नाही, असे त्याने स्वतःच कोरून ठेवले होते. आणि लाभार्थी? १९५०च्या कायद्यात ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ म्हणजे कोण हे सांगताना, देवळाच्या बाबतीत तिथे दर्शन-पूजेला जाण्याचा हक्क असलेला किंवा जाण्याचा परिपाठ असलेला माणूस, असे म्हटले आहे. रोज सकाळी तांब्या घेऊन येणारी म्हातारी त्यात बसते. असे दोघे जण एकत्र आले आणि आयुक्तांची संमती मिळाली, की विश्वस्तांना न्यायालयात उभे करता येते. पर्वतीच्या वेळी सार्वजनिक काकांना ६००० सह्या गोळा कराव्या लागल्या होत्या.

माझ्या आजोबांच्या कागदांत आडत दुकानाची एक जुनी पट्टी आहे. ज्वारीची पोती, भाव, मग वजावट: हमाली, तोलाई, आडत, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात ‘धर्मादा’, काही पैसे. हे पैसे दुकानदार प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायचा, आणि त्यातून पांजरपोळाला वैरण जायची, कधी पाणपोईचे रांजण भरायचे. ते कुणाचे, असे मी लहानपणी विचारले होते, तेव्हा आजोबा म्हणाले होते, “दुकानात असतात, पण दुकानाचे नसतात.” पुढे कायदा वाचताना कलम ५४ समोर आले. व्यापारात रिवाजाने धर्मादा म्हणून घेतलेली रक्कम ज्याने घेतली त्याच्याकडे विश्वस्त म्हणून राहते, आणि तिचा हिशोब त्याने द्यायचा असतो. ती पट्टी मी कलम ५४च्या पानात घालून ठेवली आहे.